दोन इंजिनांचा हिशेब

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. खेड्यातल्या घरात चालेल असा सुधारित चरखा जो कोणी बनवील, त्याला ते मिळायचे होते. अटी नेमक्या होत्या. यंत्र हलके हवे, हाताने किंवा पायाने चालावे, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत राहावी. निगा राखली तर ते निदान वीस वर्षे चालावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र स्पर्धेत उतरले होते, पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, त्या गावाचे सेवाग्राम झाले आणि खादीचा सगळा विचार या परिसराशी कायमचा जोडला गेला. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना नमुने आजही पाहायला मिळतात.

त्या अटींपैकी शेवटची अट फार मोलाची आहे. यंत्र घेताना किंमत विचारणारे पुष्कळ असतात. वर्षाकाठी किती खर्च लागेल आणि तो किमतीच्या कितवा हिस्सा असेल, हे आधी विचारणारे थोडे. गांधीजी स्वतः आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. तरीही ही कसोटी तीस-चाळीस वर्षे वयाच्या, दोन इंजिनांच्या छोट्या विमानाला लावून पाहण्यासारखी आहे. ते विमान पहिल्याच वर्षी नापास होते. त्याची किंमत वयाबरोबर उतरत जाते, पण देखभालीचा खर्च विमान नवे असतानाच्या पातळीच्या खाली कधी येत नाही. उलट तो चढतच जातो.

अशी विमाने विदर्भाला अनोळखी नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांना घेऊन नागपूर, अमरावती, यवतमाळच्या धावपट्ट्यांवर उतरणारी, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर होतकरू वैमानिकांना घेऊन घिरट्या घालणारी आणि अत्यवस्थ रुग्णाला मुंबईला किंवा हैदराबादला नेणारी विमाने बहुतेक याच जातीची. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयापासून नागपूरचा विमानतळ सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. एखाद्या कुटुंबावर रुग्णाला दूरच्या शहरात हलवण्याची वेळ आली, तर जे विमान समोर येऊन उभे राहते ते अनेकदा बीचक्राफ्टचे किंग एअर असते आणि पुष्कळदा ते नवे नसते. त्यामुळे जुन्या दोन इंजिनी विमानाची पारख हा केवळ हौशी धनिकांचा विषय राहत नाही.

या जातीत दोन घराणी आहेत. पहिले पिस्टन इंजिनांचे: पायपरची अपाची, अ‍ॅझ्टेक आणि सेनेका, सेस्नाचे ३१०, बीचक्राफ्टचे बॅरन, इटलीचे पार्तेनाव्हिया पी-६८. यातली बरीचशी १९५० ते १९८० या काळात आखली गेली. दुसरे टर्बोप्रॉपचे, म्हणजे जेटच्या तत्त्वावर चालणाऱ्या इंजिनाने प्रॉपेलर फिरवणाऱ्या विमानांचे. किंग एअर सी-९० हा त्यातला आपल्याकडे सर्वांत ओळखीचा चेहरा. पी-६८ शी महाराष्ट्राचे एक जवळचे नाते आहे. पुण्याच्या इंडियन सीमलेस समूहाने १९९० च्या दशकात तनेजा एरोस्पेस ही कंपनी काढली आणि तमिळनाडूत होसूरला हे सहा आसनी, दोन इंजिनांचे विमान परवान्याखाली बनवायला घेतले. खासगी क्षेत्रातल्या कंपनीने नागरी विमान बनवण्याचा देशातला तो पहिला प्रयत्न. मराठी उद्योगजगताने त्याची जितकी दखल घ्यायला हवी होती, तितकी घेतली नाही.

आता किमतीचा खेळ पाहू. सेनेकाच्या पहिल्या पिढीत प्रत्येकी दोनशे अश्वशक्तीची दोन लायकमिंग इंजिने आहेत. या इंजिनाचे आयुष्य कंपनी २,००० तास धरते. तेवढे तास झाले की ते पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायचे. यालाच ओव्हरहॉल म्हणतात. एका इंजिनाचा हा खर्च आजच्या घडीला अमेरिकेत चाळीस हजार डॉलरच्या पुढे जातो. दोन इंजिनांचा दुप्पट. जुनी अपाची किंवा पहिली सेनेका तिथे दोन ओव्हरहॉलच्या खर्चाहून कमी पैशांत मिळू शकते. म्हणजे विमान स्वस्त आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने फक्त सांगाड्याची किंमत ऐकली आहे. जाणकार माणूस आधी इंजिनांचे उरलेले तास विचारतो, मग प्रॉपेलरचे, आणि सांगाड्याची किंमत शेवटी.

एका इंजिनाचे १,७०० तास झाले असतील तर कागदावर ३०० उरले. दुसऱ्याचे ४०० झाले असतील तर १,६०० उरले. विक्रेता दोन्हींची सरासरी सांगेल. सरासरीला काही अर्थ नाही, कारण पहिले इंजिन दोन-तीन वर्षांत पैसे मागणारच आहे. शिवाय तासांइतकेच वर्षांनाही महत्त्व आहे. तास पुरे झाले नसले तरी बारा वर्षांनी ओव्हरहॉल करावे असे लायकमिंग सांगते. वीस वर्षांत फक्त ४०० तास चाललेले इंजिन ही जाहिरातीत मिरवायची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती धोक्याची खूण आहे.

त्याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. लायकमिंगच्या या इंजिनांत झडपा उघडझाप करणारा कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. इंजिन चालू असताना त्यावर तेल उडत राहते. बंद केले की ते हळूहळू खाली निथळते. विमान आठवडाभर उभे राहिले तर फारसे बिघडत नाही, पण तीन-चार महिने, तेही जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उभे राहिले तर कॅमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे बारीक ठिपके उमटतात. पुढे इंजिन सुरू झाले की ते ठिपके कानशीसारखे काम करतात. कॅम आणि त्यावर घासणारा भाग झिजतो, धातूचा चुरा तेलात मिसळतो आणि तेल तो सगळीकडे पोचवते. वर्षानुवर्षे रोज उडणारे प्रशिक्षणाचे विमान आणि एखाद्या संस्थानिकाच्या हँगरमध्ये झाकून ठेवलेले विमान यांत निवड करायची झाली, तर इंजिनापुरते तरी पहिले बरे.

हा चुरा शोधण्याची रीत साधी आहे आणि ती विकत घेणाऱ्याने स्वतः उभे राहून पाहावी. मेकॅनिक तेलाचा फिल्टर काढतो, पत्र्याचा डबा गोल कापतो, आतला घड्यांचा कागद उलगडून पांढऱ्या ताटावर पसरतो आणि तेल निथळू देतो. मग कागदावरून लोहचुंबक फिरवतो. चुंबकाला चिकटले ते पोलाद, म्हणजे कॅम, गिअर किंवा बेअरिंगचे भाग. न चिकटणारी चमक बहुधा अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे पिस्टनची शंका. एखाददुसरा कण चालतो, चिमूटभर चालत नाही. त्यानंतर सिलिंडरची चाचणी होते: ८० पाउंड दाबाची हवा आत सोडायची आणि किती टिकते ते पाहायचे. सत्तरच्या वर आकडा आला तर उत्तम. साठीत आला तर हवा कुठून सुटते हे कान लावून ऐकायचे. धुराड्यातून फुसफुस आली तर एक्झॉस्टची झडप, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. सिलिंडरच्या आत बोरस्कोपचा छोटा कॅमेरा घालून झडपेचा रंग पाहतात. झडपेची कड एका बाजूला जास्त जळालेली दिसली, तर ती केव्हातरी तुटणार हे ठरलेले. हे सगळे दोन्ही इंजिनांवर करायचे. घाईत एका इंजिनावर करून दुसरे तसेच असेल असे धरून चालणारे लोक आहेत. ती चूक महागात पडते, कारण एका सांगाड्यावरच्या दोन इंजिनांची वाटचाल पुष्कळदा अगदी वेगळी असते.

इंजिनांनंतर कागद. विमानाच्या पारखीत लॉगबुकाइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही. सांगाड्याचे एक, प्रत्येक इंजिनाचे एक आणि प्रत्येक प्रॉपेलरचे एक, अशी दोन इंजिनी विमानाची निदान पाच लॉगबुके असतात. इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि वहीतला क्रमांक जुळतो का, इथून सुरुवात. मग तारखा. दोन नोंदींमध्ये तीन वर्षांची पोकळी आहे का? त्या काळात विमान कुठे होते? चाके न उघडता पोटावर उतरल्याची नोंद आहे का? एका इंजिनाच्या विमानाच्या बाबतीत ती एका प्रॉपेलरची आणि एका इंजिनाची गोष्ट असते. इथे दोन्ही प्रॉपेलर जमिनीला घासतात आणि दोन्ही इंजिने आतून तपासावी लागतात. पत्रा बदलल्याची नोंद असून इंजिने उघडल्याची नोंद नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. एखादे लॉगबुक हरवले असेल तर विमानाची किंमत तर उतरतेच, पण ते विमान कोणत्या सक्तीच्या दुरुस्त्यांतून गेले आहे हे सिद्ध करणेही अवघड होऊन बसते. उत्पादक देशाच्या यंत्रणेने काढलेले दुरुस्तीचे आदेश, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, जुन्या मॉडेलांना डझनांनी लागू असतात. पुष्कळ दोन इंजिनी विमानांच्या नाकात केबिन गरम करण्यासाठी पेट्रोलवर जळणारा हीटर असतो. त्याच्या दाबचाचणीचाही असा आदेश आहे. विदर्भात त्या हीटरची गरज क्वचितच पडते, म्हणून कोणी तिकडे पाहत नाही. पण तो विमानात आहे आणि त्याला पेट्रोलची नळी जोडलेली आहे.

सांगाड्याचा रोग म्हणजे गंज आणि थकवा. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, पण तो इशारे देतो. १९ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेत मायामीजवळ चॉक्स ओशन एअरवेज या कंपनीचे ग्रुमन मॅलार्ड हे पाण्यावर उतरणारे दोन इंजिनी विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. उजवा पंख हवेत तुटला होता. विमानातले वीसही जण गेले. विमान १९४७ साली बनलेले होते. तपासात असे दिसले की, पंखातून इंधन गळत असल्याच्या तक्रारी आधी पुन्हा पुन्हा आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी गळती बुजवली गेली होती. ती गळती आतल्या तड्यांची होती. जुन्या विमानाच्या पंखाखाली निळसर-हिरवट इंधनाचा डाग दिसला की विक्रेते म्हणतात, जुन्या टाक्या थोड्या झिरपतातच. काही वेळा ते खरे असते. पण टाकी बुजवण्याआधी तिच्या मागचा खांब, म्हणजे पंखाचा मुख्य स्पार, तपासला गेला का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि मग उभे राहिलेले विमान पुन्हा उडवण्याचा प्रसंग. महाराष्ट्राने त्याचे एक फार दुःखद उदाहरण पाहिले आहे. उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे एक किंग एअर सी-९०, नोंदणी व्हीटी-यूपीझेड, अलाहाबादला अपघातग्रस्त झाले होते. सरकारने ते मुंबईतल्या एका खासगी कंपनीला विकले. जुहूच्या विमानतळावर त्याची दुरुस्ती चालली. २८ जून २०१८ रोजी, मुंबईत पाऊस चालू असताना, ते चाचणी उड्डाणाला निघाले आणि घाटकोपर पश्चिमेला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीपाशी कोसळले. दोन वैमानिक, देखभालीच्या कामातले दोघे आणि रस्त्याने चाललेला एक पादचारी असे पाच जण मृत्युमुखी पडले. या घटनेने प्रत्येक खरेदीदारापुढे ठेवलेले प्रश्न साधे आणि टाळता न येणारे आहेत. दीर्घ काळ जमिनीवर राहिलेल्या विमानाचे पहिले उड्डाण कोणत्या हवेत करायचे? कोणत्या वस्तीवरून करायचे? विमानात किती माणसे बसवायची? दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सुट्या भागांच्या किमती मांडलेल्या असतात. चाचणी उड्डाणासाठी स्वच्छ हवामानाची वाट पाहण्याचे दिवस त्यात कोणी मांडत नाही. ते मांडलेच पाहिजेत.

इथवर आलेला वाचक म्हणेल, खर्च वाढला तरी दोन इंजिने म्हणजे सुरक्षितता दुप्पट ना? हा समज फार जुना आणि फार घट्ट आहे, म्हणून त्याच्याकडे थोडे सावकाश पाहायला हवे.

नागपूरकरांनी याचे उत्तर १९५३ सालीच पाहिले आहे. १९४९ पासून देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि विमाने पुन्हा चार दिशांना जात. त्या काळात या कामावर डकोटा ही दोन इंजिनी विमाने होती. या जातीची पुष्कळशी विमाने महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी मालातून आपल्याकडे आली होती. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासला निघालेल्या डकोटाचे, व्हीटी-सीएचएफचे, उड्डाणानंतर लगेच एक इंजिन गेले. दुसरे इंजिन असूनही विमान कोसळले. चौदापैकी तेरा जण गेले. डकोटा हे काही हलके विमान नव्हे, पण त्या रात्री जे घडले त्यामागचे गणित छोट्या दोन इंजिनी विमानालाही लागू आहे, आणि जास्त कठोरपणे.

ते गणित असे. विमान नुसते समतल उडत ठेवायलाच बरीच ताकद खर्च होते. वर चढणे होते ते त्याहून उरलेल्या ताकदीवर. एक इंजिन बंद पडले की एकूण ताकद निम्मी होते, पण चढण्यासाठी जी शिल्लक होती ती जवळजवळ सगळीच जाते. पहिली सेनेका पूर्ण वजनावर, समुद्रसपाटीला, दोन इंजिनांवर मिनिटाला १,३०० फुटांहून अधिक चढते. एका इंजिनावर २०० फूटही कसेबसे. ताकद पन्नास टक्के गेली आणि चढण ऐंशी टक्क्यांहून अधिक गेली. त्यातही बंद इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्याने फिरत राहिला तर तो मोठा अडथळा बनतो. त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवावी लागतात. याला फेदर करणे म्हणतात. सेनेकात हे इंजिन फिरत असेपर्यंतच जमते. फेरे मिनिटाला साधारण ८०० च्या खाली गेले की एक कुलूपखुंटी अडकते आणि पाती वळत नाहीत. वैमानिकाच्या हातात काही सेकंदच असतात.

आता हेच विमान मे महिन्यात नागपुरात आणा. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान १३ अंश सेल्सियस धरतात. वर्धा-नागपूरला मेमधल्या दुपारी पारा ४५ वर असतो. प्रत्येक जादा अंशामागे हवेची घनता साधारण १२० फूट वर गेल्याइतकी कमी होते, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. ३२ अंशांचे झाले सुमारे ३,८०० फूट. म्हणजे धावपट्टीवर उभे असतानाच विमानाला आपण पाच हजार फुटांच्या आसपास आहोत असे भासते. आणि पहिल्या सेनेकाची एका इंजिनावर तग धरण्याची कमाल उंची पूर्ण वजनावर ४,००० फुटांच्याही खाली आहे. याचा अर्थ इतकाच की, विदर्भातल्या उन्हाळ्याच्या दुपारी, पूर्ण भरलेल्या या विमानाचे एक इंजिन उड्डाणानंतर गेले तर दुसरे इंजिन त्याला वर नेऊ शकत नाही. ते फक्त खाली येण्याचा वेग कमी करते. अमेरिकी नियमांतही या वजनाच्या जुन्या विमानांना एका इंजिनावर चढून दाखवण्याची सक्ती नव्हती. १९७० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या सेनेका-२ मध्ये टर्बोचार्जर बसवले आणि ही उंची तेरा हजार फुटांच्या वर गेली. म्हणून विदर्भ-मराठवाड्यासाठी जुने विमान पाहणाऱ्याने पहिली सेनेका स्वस्त आहे म्हणून भुलू नये. टर्बोचार्जरचा जादा खर्च इथल्या उन्हात वसूल होतो.

चढण्याच्या आधी सरळ राहण्याचा प्रश्न आहे. एक इंजिन चालू आणि एक बंद, म्हणजे विमान बंद इंजिनाकडे झपाट्याने वळू पाहते. ते रडरने रोखायचे. वेग एका मर्यादेखाली गेला की रडरची ताकद अपुरी पडते आणि विमान उलटे होऊ शकते. ही मर्यादा वेगाच्या घड्याळावर लाल रेघेने दाखवलेली असते. एका इंजिनावर सर्वांत चांगली चढण देणारा वेग निळ्या रेघेने. दोन इंजिनी विमान चालवण्याचे अर्धे शिक्षण या दोन रेघांमध्ये आहे. वैमानिकाने हा सराव गेल्या सहा महिन्यांत केलेला नसेल तर कागदोपत्री परवाना चोख असूनही दुसरे इंजिन त्याला धोक्यात घालू शकते. म्हणून मालकीच्या वार्षिक खर्चात इंधन, हँगर आणि विम्याबरोबर प्रशिक्षकासह उडायचे तासही धरावे लागतात. दोन इंजिने मिळून तासाला ७५-८० लिटर इंधन जाते, हे लक्षात घेतले की मालक नेमका इथेच हात का आखडता घेतात ते कळते.

दोन्ही इंजिने एकाच कारणाने जाण्याचाही धोका असतो. गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत ज्या जातीचे दोन इंजिनी विमान वापरतात, त्या डायमंड डीए-४२ च्या सुरुवातीच्या मॉडेलांत थीलर्ट या जर्मन कंपनीची डिझेल इंजिने होती आणि त्यांचे नियंत्रण संगणकाकडे होते. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायर इथे अशा एका विमानाची बॅटरी उतरलेली होती. बाहेरची वीज जोडून इंजिने सुरू केली गेली. उड्डाणानंतर चाके आत घेण्याच्या मोटरने वीज खेचली, दाब क्षणभर घसरला, दोन्ही संगणक थांबले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. इंजिने दोन होती, पण बॅटरी एकच होती. जुने विमान पाहताना म्हणूनच इंजिने मोजून थांबू नये. दोन्ही इंजिने ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत ती कोणती, हे शोधावे: एकच बॅटरी, एकच पेट्रोलचा टँकर, देखभाल करणारा एकच हात. त्या उदाहरणाचा पुढचा भागही खरेदीदाराने लक्षात ठेवावा. २००८ साली थीलर्टने दिवाळखोरी जाहीर केली. इंजिनांवर मिळालेल्या हमीचा आधार गेला, सुटे भाग महागले आणि जगभरच्या मालकांची पंचाईत झाली. डायमंडने मग स्वतःची ऑस्ट्रो इंजिने काढली. विमान चांगले असूनही त्यामागची कंपनी टिकेल का, हाही पारखीचाच भाग आहे. पी-६८ चे तसे झाले नाही. पार्तेनाव्हिया बुडाली तरी इटलीतल्याच व्हल्कनएअरने ते विमान पुढे चालू ठेवले.

इंधनाचा मुद्दा आपल्याकडे वेगळाच महत्त्वाचा आहे. पिस्टन विमानांना लागणारे एव्हगॅस अनेक वर्षे परदेशातूनच यायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते देशात बनवायला सुरुवात केली. तरीही प्रत्येक विमानतळावर ते मिळेल असे नाही. डीए-४२ किंवा किंग एअरला जेटचे साधे इंधन चालते, आणि ते मोठ्या विमानतळांवर हमखास मिळते. नागपूरला राहून रायपूर, हैदराबाद, मुंबई करायचे असेल तर जुन्या बॅरनच्या देखणेपणापेक्षा हा फरक जास्त वजनदार ठरतो.

मग अशी विमाने घ्यावीत कोणी? हौसेखातर एकट्याने घेऊ नयेत, असे स्पष्ट सांगायला हवे. महिन्यातून दोनदा उडणारे दोन इंजिनी विमान मालकाला पैशाने आणि वैमानिकाला सरावाने दुबळे करते. ते रोज राबणाऱ्या संस्थेच्या हाती शोभते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते, आणि एअरलाइनमध्ये जायचे तर त्यातले काही तास दोन इंजिनी विमानावर हवेत. त्यामुळे उड्डाणशाळेकडे त्याला काम असते, मेकॅनिक जागेवर असतो आणि इंजिनाला गंजायला सवड मिळत नाही. हवाई रुग्णवाहिका चालवणाऱ्या कंपनीचेही तेच. चार-पाच जणांनी मिळून घेतलेले विमानही चालू शकते, पण पहिल्याच दिवशी प्रत्येकाने दोन्ही इंजिनांच्या पुढच्या ओव्हरहॉलचा आपला वाटा वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली तरच. तो तासाच्या हिशेबाने टाकावा. एका इंजिनाच्या ओव्हरहॉलचे पैसे भागिले २,०००, गुणिले दोन. ही रक्कम प्रत्येक उड्डाणाच्या इंधनाच्या बिलाशेजारी लिहिली की विमान परवडते की नाही ते सहा महिन्यांत कळते, आणि वेळीच विकता येते.

विकत न घेता भाड्याने घेणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी, काही गोष्टी हाताशी आहेत. भारतात पैसे घेऊन माणसे नेणाऱ्या अशा कंपनीकडे अनियमित सेवेचा परवाना असावा लागतो. खासगी वापरासाठी नोंदलेले विमान भाड्याने देता येत नाही. परवानाधारक कंपन्यांची यादी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, जाहीर करते. रुग्णाला हलवायची वेळ आली की घरातले सगळे रुग्णालयाच्या कागदांत गुंतलेले असतात, हे खरे. तरी एका नातेवाइकाने फोनवर चार प्रश्न विचारावेत: परवाना कोणाच्या नावाचा, विमानाचा व्हीटी क्रमांक काय, उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राची मुदत कधीपर्यंत, आणि वैमानिक किती, एक की दोन. या प्रश्नांची उत्तरे चांगली कंपनी दोन मिनिटांत देते. जी कंपनी टाळाटाळ करील, तिचे विमान घेऊ नये.